जॉर्जियन बे: छोट्या बोटीनं पॅरी साउंड ते किलार्नी, आठ दिवसांत जमेल का?

ओंटारिओकर | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं आम्ही इथे कॅनडात लेक सिम्कोवर बोट चालवतोय. जुनीच घेतली आहे, वीस फुटी. पुढे दोघं आडवे होतील एवढी केबिन, मागे १५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. इंजिन खाली सोडलेलं असताना तीन फूट पाणी लागतं. चालकाचं कार्ड काढलेलं आहे. घरात आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा.

या ऑगस्टमध्ये पॅरी साउंडला बोट पाण्यात सोडायची, थर्टी थाउजंड आयलंड्समधून स्मॉल क्राफ्ट रूटनं (छोट्या बोटींसाठी आखलेल्या वाटेनं) उत्तरेकडे किलार्नीला जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, असं मनात आहे. हाताशी आठ दिवस आहेत. रात्री दोघं केबिनमध्ये, दोघं किनाऱ्यावर तंबूत.

हे जमण्यासारखं आहे का? बायकोला वाटतं मी घाई करतोय. सिम्कोवर मी कित्येकदा चार्ट (पाण्याचा नकाशा) न उघडता फिरलो आहे, तिथे तसं चालणार नाही, हे तिचं म्हणणं मला पटतं. ज्यांनी तो किनारा पाहिलाय त्यांनी मनमोकळं लिहा. "जाऊ नका" असं असेल तर तेही लिहा.

गोदाकाठ | १२ मे, रात्री १०:१५

नाशिकहून वाचतोय, बोटीतलं मला काही कळत नाही. पण हे शेवटी तळंच ना? भरती नाही, ओहोटी नाही, पाणी गोडं. मग एवढी काळजी कशाची?

जुनाशीड | १३ मे, सकाळी ७:०५

गोदाकाठ, तुमच्या अख्ख्या नाशिक जिल्ह्यात पाणी भरलं तर जेवढं होईल, साधारण तेवढी ही जॉर्जियन बे आहे. लेक ह्युरॉनचा तो एक भाग, पण आकार असा की काही जण तिला सहावं ग्रेट लेकच म्हणतात. पश्चिमेला ब्रूस द्वीपकल्प, पूर्वेला हा बेटांचा किनारा आणि मध्ये जवळपास ८० किलोमीटर उघडं पाणी. नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा दिवसभर वाहिला की ती सगळी लाट याच किनाऱ्यावर येऊन फुटते. गोड्या पाण्याची लाट समुद्रापेक्षा आखूड आणि उभी असते. वीस फुटी बोट एका लाटेवरून उतरते न उतरते तोच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दुसरीत घुसते.

१८८२ च्या सप्टेंबरमध्ये ‘एशिया’ नावाची आगबोट याच पाण्यात वादळात बुडाली. शंभरावर माणसं गेली आणि वाचली फक्त दोघं. ती मोठी आगबोट होती. मी घाबरवायला सांगत नाही. बेटांच्या आत असाल तर तुमच्या बोटीला हा जगातला एक उत्तम किनारा आहे. बाहेर हवामान बिघडलेलं असताना आत मी कॉफीचा कप न सांडता फिरलो आहे. पण आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी ही दोन वेगळी गावं आहेत, आणि तुमच्या वाटेत तीन-चार ठिकाणी बाहेर यावं लागतं.

मी बावीस उन्हाळे २७ फुटी शिडाच्या बोटीनं तिथे काढलेत. बायको अगदी बरोबर बोलतेय, तिला माझा नमस्कार सांगा. सविस्तर रात्री लिहितो.

शेवगा | १३ मे, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली आहे. खाण्यापिण्याचं मी सांगेन, माझी पाळी येऊ द्या.

तांडेल | १३ मे, दुपारी १२:२०

मी मालवणचा, सध्या निवृत्त. मालवाहू जहाजांवर पस्तीस वर्षं काढली. ग्रेट लेक्समध्ये दोनदा आलो, दोन्ही वेळा थंडर बेला गहू भरायला. जॉर्जियन बेमध्ये शिरलो नाही, त्यामुळे तिथल्या वाटा मी सांगणार नाही. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडून गेलेल्या माणसाची गफलत नेमकी इथेच होते.

बोये म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा. त्यांच्या जगात दोन पद्धती आहेत. भारत ‘अ’ विभागात येतो. मुंबई बंदरात समुद्राकडून शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, हिरवा उजव्या. कॅनडा, अमेरिका ‘ब’ विभागात. तिथे बरोबर उलटं: वरच्या दिशेला, म्हणजे समुद्राकडून आत किंवा प्रवाहाविरुद्ध जाताना लाल उजव्या हाताला. लहानपणापासून कोकणच्या खाडीत डोळा तयार झालेला असेल तर धांदलीत हात जुन्या सवयीनं फिरतो. सुरक्षित पाणी कुठल्या दिशेला ते सांगणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कार्डिनल बोये मात्र दोन्हीकडे सारखेच.

दुसरं असं की नदीत वरची दिशा कुणालाही कळते, बेटांच्या जाळ्यात कळत नाही. ती चार्टवर बघायची, अंदाजानं ठरवायची नाही. रोज सकाळी निघण्यापूर्वी मोठ्यानं म्हणायचं: आज लाल कुठल्या हाताला. मी जहाजावर सुद्धा म्हणायचो आणि शेजारच्या अधिकाऱ्याकडून म्हणवून घ्यायचो.

ओंटारिओकर | १३ मे, संध्याकाळी ६:५०

तांडेलकाका, मनापासून आभार. माझं बोट चालवणं इथेच सुरू झालं, म्हणून हात इथलाच आहे. पण मोठ्यानं म्हणण्याची कल्पना मुलीला फार आवडली. ते काम तिनं आत्ताच स्वतःकडे घेतलंय.

चिप_आणि_चहा | १३ मे, रात्री ८:००

एवढं कशाला? फोनवर चार्टचं ॲप घ्या, बोट कुठे आहे ते निळ्या ठिपक्यात दिसतं. मी मस्कोकामध्ये तीन वर्षं तसंच फिरतोय. कागदाच्या गुंडाळ्या सांभाळायचा जमाना गेला.

जुनाशीड | १३ मे, रात्री ११:१०

चिप_आणि_चहा, ॲप मीही वापरतो आणि ते चांगलं आहे. पण त्यावरच विसंबू नका, असं मी आग्रहानं सांगेन. बोटं चिमटीत धरून नकाशा लहान केला की त्या ॲपमधून बारीक खडक गायब होतात. तुम्ही लांबचा रस्ता बघताना जी वाट मोकळी दिसते, तिच्यावर जवळून बघितलं तर चार फुल्या असतात. शिवाय उन्हात फोन तापतो आणि बंद पडतो. तोही नेमका अरुंद वाटेत, कारण तिथेच तो सतत चालू ठेवावा लागतो.

ओंटारिओकर, चार्ट नंबर लिहून घ्या. पोर्ट सेव्हर्न ते पॅरी साउंड २२०२, पॅरी साउंड ते बिंग इनलेट २२०३, बिंग इनलेट ते किलार्नी २२०४. तुम्हाला शेवटचे दोन लागतील. हे पट्ट्यांसारखे लांबट कागद आहेत, मांडीवर घडी घालून ठेवता येतात. वाट त्यावर रेघेनं आखलेली असते. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं चार्टवर बोट ठेवून बसायचं. गेलेला बोया मागे सरला की बोट पुढच्यावर सरकवायचं. दोन्ही कामं एका माणसानं करायची नाहीत.

आता पाण्याच्या पातळीबद्दल. भरती-सुकती नाही हे खरं, पण पातळी वर्षावर्षानं खालीवर होते. चार्टवरच्या खोल्या १७६ मीटर या पातळीवरून मोजलेल्या असतात. २०१३ च्या जानेवारीत पाणी त्याच्याही जवळजवळ अर्धा मीटर खाली गेलं होतं, आणि २०२० च्या उन्हाळ्यात साधारण दीड मीटर वर होतं. म्हणजे सात वर्षांत एका पुरुषाच्या उंचीएवढा फरक. निघायच्या आठवड्यात पातळी बघा आणि चार्टच्या आकड्यात ती मिळवा किंवा वजा करा. २०१३ च्या उन्हाळ्यात मी हे गणित केलं नाही. दहा वर्षं ज्या खाडीत नांगर टाकत होतो तिच्याच तोंडाशी माझ्या बोटीचा कील (तळाचा कणा) खडकावर बसला. चार तास लागले सुटायला. बोट वाचली, पण त्या आवाजाची आठवण आजही नकोशी होते.

मीरा_सडबरी | १४ मे, सकाळी ६:३०

मी खाणीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम करते आणि सुट्टीत कायाक घेऊन या किनाऱ्यावर असते. खडकांबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

सह्याद्रीचा आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. जॉर्जियन बेच्या पूर्व किनाऱ्याचा पट्टेदार, गुलाबी-राखाडी नाइस (gneiss) खडक शंभर कोटी वर्षांचा आहे. इथे एके काळी हिमालयासारखी पर्वतरांग होती. ती झिजून गेली आणि आज आपण तिच्या मुळांवरून बोट चालवतो. मग हिमयुगात बर्फाच्या जाड थरानं हे सगळं घासून काढलं. बर्फ मागे हटला त्याला दहा-बारा हजार वर्षंच झाली. म्हणून ही बेटं पाण्यातून पाठ वर काढलेल्या म्हशींसारखी गुळगुळीत दिसतात, आणि त्यांवर हात फिरवला तर बर्फाखाली अडकलेल्या दगडांनी ओढलेले ओरखडे बोटांना लागतात.

याचा बोटवाल्याला थेट उपयोग आहे. खडकाचे पट्टे ज्या दिशेनं जातात, त्याच दिशेनं बेटांच्या ओळी लागतात. एखादी ओळ संपली असं वरून वाटतं, तेव्हा ती पाण्याखाली पुढे चालूच असते. शेवटच्या बेटाच्या टोकाला वळसा घालताना कधीही जवळून जाऊ नका.

किलार्नीला पोचलात की खडक बदलतो. तिथल्या ला क्लोश डोंगरांचा पांढरा क्वार्टझाइट दोनशे कोटी वर्षांहून जुना. लांबून बर्फ पडल्यासारखा वाटतो. तिथली काही तळी इतकी निळी आणि नितळ आहेत की बघत राहावं. त्यामागे एक दुखरी गोष्टही आहे: आमच्या सडबरीच्या भट्ट्यांच्या धुरातल्या गंधकानं ती तळी आम्लधर्मी झाली आणि त्यांतले मासे मेले. धूर कमी झाल्यावर ती हळूहळू सावरत आहेत. मी इथे राहते, म्हणून हे सांगायला हवं असं वाटलं.

गोदाकाठ | १४ मे, सकाळी ९:००

मीराताई, म्हशींची उपमा वाचली आणि चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. धन्यवाद. काल "तळंच ना" म्हणालो ते मागे घेतो.

कायाकवाली | १४ मे, दुपारी १:४५

माझं मत जरा वेगळं आहे. आठ दिवसांत किलार्नी जाऊन-येऊन करायचं म्हणजे रोज बोट हाकत राहणं. या किनाऱ्याची मजा एका खाडीत तीन दिवस पडून राहण्यात आहे. पॅरी साउंडपासून दीड-दोन तासांवर कुठेही नांगर टाका, मुलांना वल्ह्यांची छोटी होडी द्या आणि किलार्नी विसरा. १६१५ मध्ये शाँप्लेन फ्रेंच नदीतून याच किनाऱ्यानं दक्षिणेला गेला, तोही कनूमधून, आणि वाट दाखवणारे इथले मूळचे लोक होते. या पाण्याला त्यानं गोड्या पाण्याचा समुद्र म्हटलं. वल्ह्याच्या गतीनं बघितलं तरच ते नाव कळतं.

आणि एक विनंती. मोटरबोटवाल्यांनी अरुंद वाटेत वेग कमी करावा. तुमच्या मागची लाट आम्हाला खडकावर आपटते.

ओंटारिओकर | १४ मे, संध्याकाळी ७:१५

लाटेची विनंती पूर्ण मान्य. पण मुलांना किलार्नीचे पांढरे डोंगर पाण्यावरून बघायचेत, मलाही.

पेट्रोलचा हिशेब कसा ठेवायचा? आणि हँगडॉग चॅनेल म्हणून जे नाव सगळे घेतात, ते खरंच एवढं कठीण आहे का?

जुनाशीड | १४ मे, रात्री १०:३०

पेट्रोल आधी. टाकीचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. पॅरी साउंड, प्वांत-ओ-बारिल, बिंग इनलेटवरचं ब्रिट आणि मग थेट किलार्नी. बिंग इनलेट ते किलार्नी या टप्प्यात सहज हाताशी काही नाही. फ्रेंच नदीच्या मुखापाशी शेकडो फाटे आहेत, तिथे वाट चुकून तासभर भटकलात तर तो तिसरा भागच घरी आणतो.

हँगडॉग हे प्वांत-ओ-बारिल आणि बिंग इनलेटच्या मध्ये आहे. कठीण म्हणण्यापेक्षा लक्ष मागणारं आहे. बोये जवळजवळ, वळणं काटकोनात, आणि दोन्ही बाजूंना पाण्याखाली हातभर खोलीवर खडक. बाहेरून लाट आत येत असेल तर तिथे जाऊच नका. वारा पडलेला असेल, ऊन पाठीशी असेल तर चालण्याच्या गतीनं जा. दुपारनंतर पश्चिमेला तोंड करून अशा वाटेत शिरू नका. पाण्यावर चकाकी पडली की खडक दिसत नाहीत. पोलराइज्ड चष्मा दोघांनाही घ्या. खोल पाणी काळपट निळं-हिरवं दिसतं, उथळ पिवळट तांबूस. पिवळं दिसलं की इंजिन न्यूट्रलला टाकायचं, विचार नंतर.

आणि इंजिनचा एक जादा पंखा (प्रोपेलर) बरोबर असू द्या, तो बदलायचा पाना आणि पिनांसकट. घरी अंगणात एकदा बदलून बघा.

तांडेल | १५ मे, सकाळी ८:१०

पंखा बदलायचा सराव घरी करा, याला माझं दुप्पट अनुमोदन.

जुन्या चार्टवर खोली वावांत असायची. आपले मच्छीमार अजून वावांतच बोलतात. एक वाव म्हणजे सहा फूट. जुना कागद हाती आला तर खोली फुटांत, वावांत की मीटरमध्ये हे कोपऱ्यात आधी वाचा. ‘३’ हा आकडा तुमच्या तीन फूट बुडणाऱ्या बोटीला तिन्ही मापांत वेगवेगळं सांगतो.

प्रवासी_पुणेकर | १५ मे, सकाळी १०:४०

मध्येच विचारतो. बोट नसलेल्यांनी हे कसं बघायचं? जुलैमध्ये भावाकडे येतोय.

मीरा_सडबरी | १५ मे, सकाळी ११:३०

पुणेकर, किलार्नीला गाडी जाते. १९६२ पर्यंत तिथे रस्ताच नव्हता, गाव पाण्यावरूनच जगत होतं. पोर्ट सेव्हर्नजवळ ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाचा बिग चूट बघा. तिथे बोटी चक्क गाडीवर चढवून रुळांवरून टेकडीपलीकडे नेतात. खालच्या पाण्यातला लॅम्प्रे हा मासे पोखरणारा परजीवी जीव वरच्या तळ्यांत शिरू नये म्हणून तिथे पाणी चढवून-उतरवून बोटी नेणारं साधं लॉक बांधलं नाही. आणि ओंटारिओकरांशी ओळख करून घ्या!

शेवगा | १५ मे, दुपारी ४:००

माझी पाळी आली. एका बर्नरच्या स्टोव्हवर चौघांचं आठ दिवस कसं चालतं ते लिहिते, आम्ही हे सहा वेळा केलंय.

भाजणी दोन किलो. तव्यावर थालीपीठ आणि वर लोणी, सकाळी याहून बरं काही नाही. मेतकूट, तूप आणि मऊ भात हे वादळी संध्याकाळचं जेवण. बाहेर पाऊस, केबिनमध्ये चौघं गुडघे जवळ घेऊन बसलेली आणि वाफाळता भात, मुलं हे विसरत नाहीत. दशम्या पहिल्या तीन दिवसांपुरत्या. कांदे, बटाटे, लसूण, सुकं खोबरं, गोडा मसाला. बर्फाच्या पेटीत दोन दिवसांनी पाणीच उरतं, म्हणून दूध पावडरचं न्या.

मासेमारीचं परवान्याचं कार्ड काढा. पिकरल लागला तर मालवणी मसाला, कोकमाचं आगळ आणि रव्यात घोळून तळा. गोड्या पाण्याचा मासा आहे, चव सौम्य, म्हणून मसाला थोडा जास्त मुरू द्या. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात खडकांच्या भेगांतून रानटी ब्लूबेरी मिळतात. भांडं भरून आणा, साखर घालून आटवा आणि थालीपिठाबरोबर खा.

भांडी घासायला साबण तळ्यात नको, किनाऱ्यापासून लांब नेऊन धुवा. संडासाची टाकी तर अजिबात पाण्यात सोडायची नाही. तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि तेच पाणी आपण उकळून पितो.

तांडेल | १५ मे, संध्याकाळी ५:२०

शेवगाताई, आगळ लिहिलंत, मन भरलं.

ओंटारिओकर | १६ मे, रात्री ९:००

शेवगाताई, यादी फ्रिजवर लावली आहे. आता मुक्कामाचं सांगा. तंबू कुठेही ठोकता येतो का? साप आहेत असं ऐकलंय.

कायाकवाली | १६ मे, रात्री ९:५०

कुठेही नाही. बरीच बेटं खाजगी आहेत, लोकांची उन्हाळी घरं आहेत त्यांवर. सरकारी म्हणजे क्राउन जमिनीवर इथल्या रहिवाशांना एका जागी २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. काही भाग इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांचा आहे. पॅरी साउंडसमोरच वसॉकसिंग आहे, आणि पुढे मॅनिटुलिन बेटावरचं विक्वेमकूंग त्यांनी कधी कुणाला लिहून दिलेलंच नाही. तिथे विचारल्याशिवाय उतरू नका. नकाशावरची मोकळी जागा कुणाच्या तरी आजोबांची असते.

मॅसासॉगा रॅटलस्नेक हा ओंटारिओतला एकमेव विषारी साप याच किनाऱ्यावर आहे. लहानखुरा आणि लाजाळू. शेपटी वाजवतो, तेव्हा थांबून मागे सरकायचं. ब्लूबेरी तोडताना मुलांना बूट घाला आणि हात घालण्याआधी काठी फिरवा. त्याला मारू नका, कायद्यानं संरक्षित आहे. चावलाच तर वेळ न घालवता पॅरी साउंडचं रुग्णालय गाठा, तिथे प्रतिविष असतं.

शेकोटी पेटवण्याआधी बंदी आहे का ते रोज बघा. २०१८ मध्ये ‘की’ (Key) नावाच्या नदीच्या परिसरात ११ हजार हेक्टरहून जास्त जंगल जळालं. मी त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथे गेले होते. काळे खांब, आणि त्यांच्या पायाशी हिरवे कोंब. अजूनही तिथून जाताना वल्हं थांबतं.

जुनाशीड | १६ मे, रात्री ११:००

नांगराचं राहिलं. पाणी १२ फूट, बोटीची नाळ पाण्याच्या वर ३ फूट, एकूण १५. दोर त्याच्या पाचपट ते सातपट सोडायचा, म्हणजे ७५ ते १०५ फूट. पण छोट्या खाडीत एवढं फिरायला जागा नसते. तेव्हा पुढून नांगर टाकायचा, मागे मागे किनाऱ्याकडे जायचं आणि मागचा दोर झाडाला बांधायचा. झाडाला रुंद पट्टा गुंडाळा, नुसता दोर साल कापतो. ही पाइनची झाडं वीतभर मातीत मुळं पसरून उभी आहेत, वाकडी आहेत ती वाऱ्यानं. मोठं, पक्कं झाड निवडा. नांगर बसला की इंजिन मागे ओढून खात्री करा. गुळगुळीत खडकावर नांगर नुसता घसरतो. चिखल किंवा वाळू शोधा, ती बहुधा खाडीच्या आतल्या टोकाला असते.

थंड पाण्याबद्दल मुलांना एक-दहा-एक शिकवा. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच या आकड्यांना अर्थ आहे. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट कुणाच्या उपयोगाचं नाही.

व्हीएचएफ रेडिओ घ्या. त्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, दोघांनीही काढा. हाक मारायची वाहिनी १६. सकाळ-संध्याकाळ हवामान ऐका आणि दुपारी वारा उठायच्या आत मुक्कामी पोचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. आठांपैकी दोन दिवस वारा तुम्हाला बसवून ठेवणार, हे धरूनच चाला. उरलेल्या सहांत किलार्नी गाठून परतायचं तर वाऱ्याच्या दिवशीही निघायचा मोह होतो, आणि अपघात त्याच मोहात होतात. बिंग इनलेटपर्यंत जा आणि परत या. किलार्नीला पुढच्या वर्षी पंधरा दिवस घेऊन जा.

चिप_आणि_चहा | १७ मे, सकाळी ७:३०

ॲपमध्ये नकाशा लहान करून बघितला. एक खडकांची माळ खरंच गायब झाली. कागदी चार्ट मागवतोय. आभार, जुनाशीड.

ओंटारिओकर | १७ मे, रात्री ८:२०

घरी बसून बोललो. बिंग इनलेट ठरलं. मुलगा नाराज आहे, पण पांढऱ्या डोंगरांना थँक्सगिव्हिंगला गाडीनं न्यायचं कबूल केलंय. परत आल्यावर लिहीन.

ओंटारिओकर | ६ सप्टेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. सुखरूप जाऊन आलो.

९ ऑगस्टला निघालो. पहिल्याच तासात एक गोष्ट ठरून गेली: सुकाणू बायकोच्या हातात, चार्ट मुलीच्या मांडीवर, मी नांगर, दोर आणि इंजिन. ती माझ्याहून कितीतरी शांतपणे बोट चालवते. अरुंद वाटेत मी पुढचा बोया आधीच शोधायला लागतो आणि हातातला सोडतो, ती एका वेळी एकच बघते. सिम्कोवर दोन वर्षं मीच चालवत होतो, तिला कधी विचारलंच नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटली आणि तिथेच तसं बोललोही.

प्वांत-ओ-बारिलला पोचलो. दीपगृह उभं राहायच्या आधी तिथे पिंपावर कंदील ठेवून बोटींना वाट दाखवत, त्यावरून गावाचं नाव. आजचं दीपगृह १८८९ चं. मुलगा बराच वेळ त्यासमोरच्या पिंपापाशी उभा होता.

मग नैऋत्येचा वारा सुरू झाला आणि आम्ही दोन दिवस एका बेटामागे अडकलो. जुनाशीड, अगदी दोनच दिवस! बेटाच्या पलीकडच्या अंगाला लाटा फुटून फेस झाडांच्या मुळांपर्यंत येत होता, आणि अलीकडे आमच्या बोटीचा दोर सैल पडला होता. आम्ही खडकावर पालथे पडून दोन्ही बाजूंचं पाणी बघत राहायचो. कातळ दिवसभर तापायचा आणि रात्री नऊपर्यंत पाठीला ऊब द्यायचा. मीराताई, ओरखडे सापडले, मुलीनं कागद ठेवून पेन्सिलीनं त्यांचा ठसा घेतलाय. रात्री लून पक्ष्याची हाक आली तेव्हा मुलगा झोपेतून उठून माझ्या कुशीत आला. मेतकूट-भात दोन्ही संध्याकाळी झाला. ब्लूबेरी उशिराच्या होत्या पण अर्धं पातेलं मिळालं.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला पाणी आरशासारखं होतं. हँगडॉग चालण्याच्या गतीनं पार केलं. मुलगी फक्त रंग आणि आकडा सांगत होती, बाकी कुणी बोलत नव्हतं. शेवटचा बोया मागे गेला तेव्हा तिघांनी एकदम श्वास सोडला. ब्रिटला पेट्रोल भरलं, आंघोळी केल्या.

परतीत एकदा टेकलो. आखलेल्या वाटेबाहेर एका खाडीत शिरताना, माझ्याच आग्रहानं. वेग नव्हता म्हणून पंख्याचं एक पातं वाकण्यावर निभावलं. अर्ध्या तासात बदलला, कारण मेमध्ये अंगणात तीनदा बदलून झाला होता.

कायाकवाली, प्रत्येक कायाक दिसली की वेग उतरवला. एका आजींनी वल्हं उंचावून हात केला.

जुनाशीड | ७ सप्टेंबर, सकाळी ६:४५

फार बरं वाटलं वाचून. माझ्याकडे २२०४ ची एक जादा प्रत आहे, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. कुठे नांगर धरला, कुठे घसरला, सगळं त्यावर आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. पुढच्या वर्षी पंधरा दिवस.

शेवगा | ७ सप्टेंबर, सकाळी ९:१५

पिकरलचं काय झालं ते लिहिलं नाहीत! प्रचि (प्रकाशचित्रं) पण टाका.

ओंटारिओकर | ७ सप्टेंबर, दुपारी १२:३०

पिकरल लागला नाही, ताई. आगळ पाण्यात घालून सोलकढीसारखं प्यायलो. प्रचि आज रात्री टाकतो.

तांडेल | ७ सप्टेंबर, दुपारी १:५०

बोये वाचणाऱ्या मुलीला माझा एक प्रश्न विचारा. हीच बोट मुंबई बंदरात शिरतेय, समुद्राकडून. लाल कुठल्या हाताला?

ओंटारिओकर | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

मी प्रश्न पुरा वाचायच्या आत म्हणाली, डाव्या. आणि विचारतेय, "आजोबा, काळा-पिवळा मात्र तिथेही तसाच ना?"